मान मोकळी करणे आणि मान मोडणे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपून पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतू लागल्या की जिल्ह्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची गर्दी होऊ लागते, हा अनुभव या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांना असेल. दसऱ्यानंतर घर सोडलेला हा मनुष्य पाच-सहा महिने भल्या पहाटेपासून कमरेत वाकून ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावर चुंबळ ठेवून तीस-चाळीस किलोची मोळी फळीवरून चढत ट्रकमध्ये नेऊन टाकतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे हा भार स्त्रीच्याही मानेवर तितकाच पडतो. परत आल्यावर ‘मान धरली’, ‘दोन्ही खांद्यांच्या मध्ये खिळा ठोकल्यासारखे दुखते’, ‘मागे पाहायचे तर सगळे अंगच वळवावे लागते’ अशा तक्रारी घेऊन ही माणसे आपल्यासमोर बसतात. घोडेगावच्या कांदा बाजारात गोण्या उचलणारा हमाल असो, दुचाकीला दुधाचे कॅन लावून रोज पन्नास किलोमीटर खड्ड्यांतून जाणारा गवळी असो, की दिवसभर संगणकापुढे मान घालून बसणारा तरुण असो, कारणे वेगळी असली तरी तक्रार जवळपास हीच असते.

अशा रुग्णास आम्ही अलीकडे नाडी पाहण्यापूर्वीच एक प्रश्न विचारतो : येथे येण्याआधी मानेला काय करून घेतले? उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणी केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान दोन्हीकडे ‘मोडून’ घेतलेली असते, कोणी आठवडे बाजारातील हाडवैद्याकडे जाऊन आलेला असतो, तर कोणी मोबाईलवरील चित्रफीत पाहून धाकट्या भावास मानेला झटका द्यावयास लावलेले असते. ‘कट्ट’ असा आवाज आला, बरे वाटले, दोन दिवसांनी पुन्हा तेच. या आवाजाची समाजात एक प्रकारची भक्तीच निर्माण झालेली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या काही व्यवसायबंधूंनाही तिची लागण होऊ लागली आहे. दोन दिवसांच्या शिबिरात ‘मणका बसविण्याचे’ शिक्षण घेऊन आलेले एक तरुण वैद्य अलीकडेच आम्हास भेटले. त्यांचा उत्साह पाहून आनंद वाटला. त्यांचे हात पाहून मात्र काळजी वाटली. हा लेख लिहिण्यास तीच भेट निमित्त झाली.

फिजिओथेरपीमध्ये ज्यास ‘मोबिलायझेशन’ म्हणतात त्यास आम्ही येथे ‘संधिचालन’ म्हणू. ते काय आहे, हे आपण वैद्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. आणि समजून घेतल्यावर ते स्वतः करण्याच्या मोहात न पडता योग्य रुग्णास योग्य हातांकडे पाठविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम रचना पाहू. मानेत सात मणके व पाठीच्या वरच्या-मधल्या भागात बारा. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये पुढील बाजूस चकती आणि मागील बाजूस उजवे-डावे असे दोन लहान सांधे असतात. या सांध्यांचे पृष्ठभाग सपाटप्राय असतात व ते एकमेकांवर सरकतात. मान वळते ती या अनेक लहान सरकण्यांची बेरीज होऊन. त्यातही डोके डावी-उजवीकडे वळविण्याची साधारण निम्मी गती केवळ पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांध्यात होते, आणि तेथे चकती नसते. पाठीच्या मणक्यांना फासळ्या जोडलेल्या असल्याने तेथील गती मुळातच थोडी. ऊसतोडीचे काम डोळ्यांपुढे आणा : पाठीचा वरचा भाग वाकलेला, नजर मात्र समोर. पाठ पुढे आणि मान मागे, अशी ही ओढाताण महिनोन्महिने चालते. पाठीचे वरचे मणके ताठरले की त्यांच्या वाटची हालचाल मानेच्या खालच्या मणक्यांना करावी लागते, आणि मग अतिश्रमाने तेच दुखू लागतात. म्हणूनच जाणता फिजिओथेरपिस्ट मान दुखणाऱ्या रुग्णाच्या केवळ मानेस हात न लावता पाठीचा वरचा भागही तपासतो. पाठीच्या मणक्यांवर केलेल्या उपचाराने मानदुखीत तात्काळ उतार पडू शकतो, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या क्लीलँड व सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसून आले होते.

आता प्रत्यक्ष क्रिया. रुग्ण पालथा झोपलेला असतो, कपाळ हातांवर टेकलेले. चिकित्सक दोन्ही अंगठ्यांची टोके एका मणक्याच्या मागील टोकावर, अथवा त्याच्या बाजूस सांध्याच्या जागी, ठेवतो आणि मागून पुढे हलका, लयबद्ध दाब देतो व सोडतो. सेकंदास साधारण दोन-तीन वेळा, सुमारे अर्धा ते एक मिनिट. मग थांबून रुग्णास विचारतो, मान वळवून पाहतो, पुन्हा ठरवतो. पाहणाऱ्यास वाटावे की येथे काहीच घडत नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलँड यांनी या दाबास पायऱ्या लावून दिल्या; त्यांचा या विषयावरील ग्रंथ 1964 साली निघाला. पहिली पायरी म्हणजे गतीच्या आरंभीच अगदी लहान हेलकावा; दुसरी म्हणजे मोठा हेलकावा, परंतु सांध्याचा अडथळा जाणवू लागण्याच्या अलीकडेच थांबणारा. या दोन पायऱ्या वेदना शमविण्यासाठी. तिसऱ्या पायरीत मोठा हेलकावा अडथळ्यात शिरतो व गतीच्या शेवटापर्यंत जातो. चौथीत त्या शेवटाशीच लहान हेलकावे दिले जातात. या दोन ताठरपणासाठी. येथपर्यंत सर्व संधिचालन. यात रुग्ण केव्हाही ‘थांबा’ म्हणू शकतो आणि चिकित्सक केव्हाही थांबू शकतो, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. पाचवी पायरी म्हणजे गतीच्या शेवटाशी दिलेला अत्यंत वेगवान, लहान झटका. तो एकदा सुटला की ना रुग्णाच्या हातात, ना देणाऱ्याच्या. न्हावी जे करतो ते याच पाचव्या पायरीचे अडाणी रूप होय. फरक इतकाच की त्याने आधीच्या चार पायऱ्या पाहिलेल्या नसतात, आणि तो एका मणक्याऐवजी सबंध मान पिळतो.

नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी ओढण्यावर व पृष्ठभाग सरकविण्यावर भर दिला, न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांनी रुग्ण स्वतः मान वळवीत असताना मणक्यास आधार देण्याची पद्धत रूढ केली. हे संप्रदायभेद आपणास फार खोलात जाऊन पाहण्याचे कारण नाही.

आवाजाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवावरील दाब एकाएकी कमी झाला की तेथे वायूची पोकळी निर्माण होते व आवाज येतो. 2015 साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोटाचा सांधा ओढतानाचे चुंबकीय चित्रण करून ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष दाखविली. निरोगी बोटांतूनही तो येतोच. आपण लहानपणी बोटे मोडतो तेव्हा कोणाचे हाड निसटलेले नसते. संधिचालनाने जो उतार पडतो तोही मणका ‘सरकलेला होता, तो बसला’ म्हणून पडत नाही. सांध्याभोवतीच्या ऊतकांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना बदलतात, वेदना दबते, स्नायूंचा पहारा सैल होतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या काळात रुग्णाने हालचाल व व्यायाम केला तर लाभ टिकतो. व्यायामाविना तो अल्पजीवी असतो. याहून मोठा दावा कोणी करीत असेल तर त्याकडे संशयाने पाहावे, मग तो दावा करणारा कोणत्याही शास्त्राचा असो.

आता आपल्या संहितांकडे वळू, कारण ‘हे सर्व परक्यांचे’ असे म्हणून हा विषय बाजूस सारणारे वाचकही असतील. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात दोनशे दहा संधी सांगून त्यांचे आठ आकार वर्णिले आहेत. त्यांत मान व पृष्ठवंश यांतील संधींना ‘प्रतर’ म्हटले आहे. प्रतर म्हणजे तराफ्यासारखा, पाण्यावर तरंगत सरकणारा असा अर्थ सांगितला जातो. खांद्याचा उखळासारखा सांधा वेगळा, कोपराचा कोर वेगळा, आणि मानेचा हा सरकणारा वेगळा, इतकी सूक्ष्म दृष्टी त्या काळी होती. चिकित्सास्थानातील भग्नाध्यायात निखळलेल्या सांध्यासाठी आञ्छन, पीडन, संक्षेपण व बंधन, म्हणजे ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे, हे चार उपाय आले आहेत. त्याच अध्यायात मान वाकडी झाली वा खाली दबली असता काय करावे हेही सांगितले आहे : मानेच्या मागच्या खळगीस व दोन्ही हनुवट्यांस धरून रुग्णास वर उचलावे, नंतर कुशा लावून वस्त्रपट्ट्याने बांधावे, आणि सात रात्री उताणे निजवून ठेवावे. यात ओढ आहे, आधार आहे, विश्रांती आहे. झटका देऊन पिळण्याचा उल्लेख कोठेही नाही.

तो का नाही, याचे उत्तर मर्मविज्ञानात मिळते. मानेत चौदा मर्मे गणली आहेत : नीला व मन्या मिळून चार, आठ मातृका, आणि डोके व मान यांच्या सांध्याशी दोन कृकाटिका. मातृका सद्यःप्राणहर आहेत. कृकाटिका वैकल्यकर असून तिच्या आघाताने चलमूर्धता येते, म्हणजे डोके स्थिर राहत नाही. आधुनिक शारीराशी ही स्थाने तंतोतंत जुळविण्याचा अट्टाहास आम्ही करणार नाही. परंतु मेंदूस रक्त पुरविणाऱ्या चार रोहिणी मानेतूनच वर जातात, त्यांपैकी दोन तर मणक्यांच्या छिद्रांतूनच, आणि मानेस दिलेल्या झटक्यानंतर या रोहिणींचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचे रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. असे प्रसंग विरळा, हे खरे. पण ज्यास तो घडतो त्याच्यासाठी विरळा या शब्दास अर्थ नसतो. आणि लाभ पाहू गेले तर? कॉक्रेन संस्थेच्या 2010 च्या आढाव्यात मानेच्या झटक्याने व संधिचालनाने वेदना, कार्यक्षमता व रुग्णाचे समाधान यांवर होणारे परिणाम सारखेच आढळले. फळ सारखे आणि धोका एकाकडे अधिक, असे असताना अधिक धोक्याची वाट कोणी व का धरावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हास आजवर कोणी दिलेले नाही. ‘रुग्णास आवाज हवा असतो’, हे एकच उत्तर ऐकण्यात येते. रुग्णास पुष्कळ गोष्टी हव्या असतात.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक हमाल आमच्याकडे मन्यास्तंभाच्या तक्रारीने येत असे. मान ताठ, दोन्ही हातांस मुंग्या. आम्ही ग्रीवाबस्ती केली, उडदाच्या पिठाचे पाळे बांधून कोमट महानारायण तेल धारण करविले, वर योगराज गुग्गुळ चालू ठेवला. दर खेपेस त्यास थोडे बरे वाटे आणि आम्हासही. सहा आठवडे असे गेले. एक दिवस पायऱ्या चढताना तो अडखळला. त्याच्या पत्नीने सहज सांगितले की सदऱ्याची बटणे आता तीच लावून देते. त्याच्या पायांत बळ कमी होते, चाल फाकलेली होती, आणि हे सर्व आमच्या डोळ्यांसमोर आठवडाभर तरी घडत असले पाहिजे. मज्जारज्जूवर दाब आला होता. पुण्यास नेऊन शस्त्रक्रिया झाली, तो चालू लागला. पण हातांची पकड पूर्वीसारखी आली नाही आणि हमाली सुटली. तेलाने त्यास अपाय झाला नाही, असे आम्ही स्वतःस पुष्कळ दिवस समजावीत होतो. ते खरेही आहे. पण सहा आठवडे गेले ते आमच्या पाळ्यामुळे गेले, हेही तितकेच खरे. त्या काळात त्यास कोणी झटका दिला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हावयास होते.

तेव्हापासून मान दुखणाऱ्या प्रत्येकास आम्ही आधी चालावयास लावतो, सरळ रेषेत, टाचेस बोटे टेकवून. बटण लावण्यास सांगतो. लघवीविषयी विचारतो. रक्तदाब मोजतो, कारण मानेच्या रोहिणींसंबंधी धोका जोखताना तो पाहावा, अशी शिफारस अस्थिसंधी-फिजिओथेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2020 च्या मार्गदर्शिकेतही आहे. मान फिरवून चक्कर येते का पाहण्याच्या जुन्या चाचणीवर विसंबू नये, इतिहास नीट घ्यावा, असेही ती सुचविते. ‘असे दुखणे यापूर्वी कधीच झाले नव्हते’ असे सांगणारा रुग्ण, त्याबरोबर चक्कर, दुहेरी दिसणे, बोलणे अडखळणे, गिळण्यास त्रास, चेहऱ्यावर बधिरता यांपैकी काही असेल तर त्याच्या मानेस कोणाचाही हात लागू देऊ नये. थेट रुग्णालयात पाठवावे. रात्री वाढणारी वेदना, बारीक ताप, घटणारे वजन व एकाच मणक्यावर दाबल्यावर कळ असेल तर आपल्या देशात क्षयाचा विचार प्रथम केला पाहिजे. पडल्या-झडल्यानंतरची मान, कर्करोगाचा पूर्वेतिहास, हेही तसेच. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी : ज्यास आपण आमवात म्हणून वर्षानुवर्षे सांभाळतो त्या रुग्णांपैकी काहींस ऱ्हुमॅटॉइड विकार असतो, आणि त्यात मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. सांधेदुखीवर ‘मान मोडून घे’ असा सल्ला देणारा शेजारी या रुग्णाचा घातच करीत असतो.

चिकित्सेसंबंधीही एक गोष्ट आपणांपैकी अनेकांस रुचणार नाही, तरी लिहितो. मान धरली की तेल, हा आपला परिपाठ झाला आहे. सुश्रुतांनी मात्र मन्यास्तंभात वातश्लेष्महर नस्य आणि रूक्ष स्वेद यांवर विशेष भर दिला आहे. दिवसा झोपणे, उशी-अंथरुणाची विषमता अशा कारणांनी जेथे कफाचा आवरणसंबंध आहे तेथे वाळूच्या पुरचुंडीने दिलेला कोरडा शेक तेलाहून आधी येतो. ऊसतोड करून आलेल्या कृश, रूक्ष देहाच्या माणसाची गोष्ट निराळी. त्यास स्नेहन हवेच. एकच पाळे सर्वांच्या मानेवर बांधणे ही चिकित्सा नव्हे.

मग संधिचालन वैद्याने करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते केवळ कायद्याकडे बोट दाखवून देत नाही. कायदा आहेच : महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा 2002 चा, आणि संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी देशपातळीवरचा कायदा 2021 चा. खरे कारण हाताचे आहे. दाबाखाली सांधा कोठे अडतो, तो अडथळा वेदनेचा की ताठरपणाचा, दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर केव्हा जावे, हे अंगठ्यास कळण्यास वर्षे लागतात. आपणांपैकी ज्यांस नाडीज्ञान आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. ज्या नगरीत गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली त्या नगरीतील वैद्याने दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावावे, हे आम्हास शोभत नाही.

आणि दूर जाण्याची गरजही नाही. लोणी येथे प्रवरा संस्थेचे व विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे, अशी दोन फिजिओथेरपी महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांतून शिकून बाहेर पडलेले तरुण-तरुणी तालुक्याच्या गावी व्यवसाय करीत आहेत. त्यांच्याशी आपला संबंध बहुधा एकमेकांच्या पाट्या वाचण्यापुरता. आपण त्यांस ‘शेक देणारे’ समजतो, ते आपणास ‘तेल लावणारे’ समजतात. दोघांचाही तोटा होतो, आणि रुग्ण मधल्या मधे न्हाव्याकडे जातो.

औषधी विक्रेत्या बंधूंस दोन विनंत्या आहेत. मानेचा पट्टा मागावयास आलेल्या प्रत्येकास तो काढून देऊ नये. महिनोन्महिने वापरलेल्या पट्ट्याने मानेचे स्नायू अधिकच दुबळे होतात. हात बधिर आहे का, चालताना तोल जातो का, एवढे दोन प्रश्न गल्ल्यावरही विचारता येतात, आणि होकार आला तर पट्ट्याऐवजी वैद्याची वा डॉक्टरची वाट दाखविता येते. दुसरी विनंती कठोर वाटेल. सांधेदुखीवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत व गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीस आले आहेत. दीर्घकाळ पोटात गेलेल्या स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. असा ठिसूळ मणक्यांचा रुग्ण उद्या एखाद्या हाताखाली पालथा झोपतो तेव्हा त्या हातास ते ठाऊक नसते. दुकानदारास ते ठाऊक असू शकते. लेबल नसलेला माल दुकानात ठेवू नये, इतके तरी आपल्या संघटनेने एकमुखाने ठरवावे. यावर पूर्वी सभांत बोलणे झाले आहे. ठराव झालेला नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराचे. ज्या रुग्णाची वरीलप्रमाणे तपासणी होऊन भीतीचे कारण नाही असे दिसते, ज्याची मान वा वरची पाठ ताठरलेली आहे आणि तीन-चार आठवड्यांच्या औषध-स्वेदनाने पुरेसा उतार नाही, त्यास आम्ही चिठ्ठी देऊन फिजिओथेरपिस्टकडे पाठवितो. चिठ्ठीत पाच ओळी असतात : कोणते काम करतो व डोक्यावर काय वाहतो, दुखणे कधीपासून, हातापायांच्या बळाची व चालीची आजची स्थिती, रक्तदाब, आणि चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी. क्ष-किरण चित्रात ‘मणक्यात गॅप’ आहे असे रुग्ण सांगतो ते आम्ही लिहीत नाही. चाळिशीनंतर ते बदल न दुखणाऱ्या मानांतही पुष्कळदा दिसतात. झटका देऊ नये, हे मात्र आवर्जून लिहितो. समोरून उत्तर यावे अशी अपेक्षा असते, आणि एकदा चिठ्ठी गेली की ते बहुधा येते.

ऊसतोडीच्या रुग्णाची अडचण वेगळीच. तो दसऱ्यास पुन्हा जाणार, मोळी पुन्हा डोक्यावर येणार. ‘जड उचलू नका’ असा सल्ला आम्ही पूर्वी देत असू. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसास हा सल्ला देणे म्हणजे त्याची थट्टा होय, हे उशिरा ध्यानात आले. त्याऐवजी गावी असलेल्या काळात त्याची पाठ मोकळी करून घ्यावी, हनुवटी आत ओढून मानेचे खोल स्नायू बळकट करण्याचा व भिंतीस पाठ टेकून हात वर नेण्याचा व्यायाम त्याच्याकडून आपल्यासमोर करवून घ्यावा, आणि चुंबळ रुंद व माथ्याच्या मधोमध ठेवण्यास सांगावे. जोडीतील स्त्रीस हे सर्व वेगळे बोलावून शिकवावे लागते. नवऱ्याबरोबर आली असता ती आपले दुखणे सांगत नाही.

येत्या पावसाळ्यातील जिल्हा बैठकीत दोन्ही महाविद्यालयांतील अध्यापकांस बोलावून एक दिवस मानेच्या तपासणीसाठी द्यावा, असा प्रस्ताव आम्ही ठेवीत आहोत. संधिचालन शिकण्यासाठी नव्हे. तपासण्यासाठी, आणि ते कोणावर करू नये हे ओळखण्यासाठी. आपलेही काही त्यांस सांगण्यासारखे आहे. स्नेहन-स्वेदनानंतर ताठरलेली पाठ हाताखाली अधिक सैल लागते, हा अनुभव आम्ही ज्यांच्याकडे रुग्ण पाठवितो त्या फिजिओथेरपिस्ट भगिनींनीही बोलून दाखविला. त्यांची तक्रार एवढीच की तेलावरून अंगठा घसरतो. तेव्हा अभ्यंग आदल्या सायंकाळी करावा, अथवा त्याच दिवशी करावयाचा तर बेसन लावून पाठ कोरडी पुसून रुग्णास पाठवावे.